येळवसेपर्यंतचा अंदाज

सोमवारी सकाळी साडेआठला पेटीचं दार उघडलं.
किमान आठ पूर्णांक चार.
नळीतली ती बारकी काळी काडी
रात्री जिथवर मागं सरकते तिथंच थांबलेली असते,
रुसून निघालेलं कुणी
वेशीपाशी थबकावं तशी.
आकडा वहीत उतरवला, नळी तिरकी केली,
काडीला घरी आणलं.

औशाच्या माळावर ही पांढरी पेटी
चार पायांवर, उत्तरेकडं तोंड करून उभी आहे.
शाळेची लेकरं तिला कबुतराचं घर म्हणतात.
बावीस वर्षं झाली, कबूतर मीच.

येळवस शुक्रवारी.
फोन रविवारपासूनच.

नागम्मा म्हणते, शौकतभाई, आंबील आंबंना की हो.
माठ चुलीपाशी ठेवला, पोतं गुंडाळलं,
आता लेकाचा स्वेटर घालून बसवलाय त्याला.
थंडी कवा उतरतीया तेवढं सांगा.

सुग्रीव टेम्पोवाल्याला धुकं हवंय,
म्हणजे किती वाजता उठंल ते.
पहाटे चारपासून खेपा आहेत,
गेल्या साली पुलावर...
पुढचं तो बोलत नाही. मीही विचारत नाही.

पुण्याहून एक पोरगी, ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलेली :
काका, बाळ अडीच महिन्यांचं आहे,
खोपीत वारा लागेल का?

माझ्याकडं वारा आहे :
ईशान्येकडून, ताशी सहा ते दहा किलोमीटर.
तो कडब्याच्या पेंढ्यांतून आत शिरताना
किती उरतो, याचा रकाना नाही.
दोन पेंढ्या जास्त लावायला सांगा, म्हणालो.
हे बुलेटिनमध्ये बसत नाही.

बुधवारी दुपारी वरून अंदाज आला.
तिकडं चेन्नईच्या अंगाला समुद्रात काहीतरी गरगरतंय,
त्याचा पदर आपल्यावरून जाणार.
आकाश अंशतः ढगाळ,
किमान तापमानात तीन ते चार अंशांनी वाढ
होण्याची शक्यता.
आधी नागम्माला कळवलं.
ती म्हणाली, मग स्वेटर काढते बाई त्याचा.

तासाभरात गहिनीनाथचा फोन :
ढग म्हणजे घाटेअळी, भाऊ. हरभरा ऐन घाट्यात हाय.
दोन रात्रीत खाऊन उठंल.
तुमचा तो ढग उस्मानाबादकडून वळवता येत न्हाई का?
जिल्ह्याचं नाव बदललं तरी
राग आला की त्याच्या तोंडात जुनंच येतं.

गुरुवारी रात्री गच्चीवर उभा राहिलो.
चांदण्या नव्हत्या.
गावावर कुणीतरी वाकळ पसरली होती
आणि तिच्याखाली घरोघरी
बाजरीचे उंडे वाफेवर,
भज्जीसाठी सोललेल्या वाटाण्यांची टरफलं दारात,
माठात हळूहळू काहीतरी वर येत होतं.
इकडं घाटेअळीलाही ऊब लागली असेल.
एकाच आकड्यात दोघी.

शुक्रवारी गाव रिकामं.
मोंढ्यात फक्त कुत्री, बसस्टँडवर एक झाडूवाला.
साडेआठला तेरा पूर्णांक एक.
आमची सलमा पोरांना घेऊन
नागम्माच्या शेतात कधीच गेलेली.
मला साडेपाचचं वाचन सोडून जाता येत नाही,
सुट्टी जिल्ह्याला असते, हवेला नसते.

दुपारी सुग्रीवचा टेम्पो कुंपणाला टेकला.
धुकं सातलाच उठलं, म्हणाला, एकदम सांगितल्यावानी.
पितळी तांब्या पुढं केला.
आंबील आंबट होती. चांगली आंबट.
पिता पिता एक थेंब वहीवर पडला,
नेमका पर्जन्याच्या रकान्यात.
शेजारी मी निरंक लिहिलं.

अंधार पडला तसे शिवारात हेंडगे पेटले.
पेटत्या पेंढ्या घेऊन माणसं
ज्वारीभोवती पळत होती, ओरडत होती,
इथवर आवाज येत नव्हता.
रात्रीची दृश्यमानता दिव्यांवरून काढतात.
पाण्याच्या टाकीचा दिवा एक किलोमीटर, साखर कारखान्याचा चार.
आज दिवे नको तितके होते.
मोजत गेलो,
आणि त्या पलीकडं,
जिथं माझ्या यादीत काहीच नाही,
तिथंही एक पेटलेला दिसला.