कोल्हापूरचा कागद

पर्समध्ये कोल्हापूरचा कागद आहे, चार घड्यांचा.
त्यावर सतरा हजार दोनशे पन्नास, दरमहा,
छत्तीस महिने, मग गाडी परत.
इथं, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं, काचेच्या शोरूममध्ये
तीच गाडी, तोच राखाडी रंग,
अठरा हजार चारशे.

फरक मी रिक्षातच काढला, वीजबिलाच्या पाठीवर.
एक्केचाळीस हजार चारशे.
गुणाकार मराठीत, कारण पाढे मराठी शाळेतले.
घासाघीस मात्र मला कानडीतच येते,
ती शनिवारच्या बाजारात शिकले
आईच्या पिशवीचा बंद धरून.

उद्यमबागेत माझं काम कान लावायचं.
फाउंड्रीतून कास्टिंग येतं, निवलेलं,
मी हातोडीनं टिचकी मारते.
भरीव असलं की लांबवर वाजत राहतं,
पोटात पोकळी असली की ठक्क,
एवढंच.
बढती मिळाली तेव्हा मालक म्हणाले,
गाडीचा हप्ता कंपनी भरेल, पंधरापर्यंत.
वरचा तुमचा.
त्या वरच्यापायी
मी दोन रविवार घालवलेत.

सेल्समन ईरण्णा हुक्केरी.
"बर्री अक्का, कूड्री," म्हणाला,
मग फॉर्मवर माझं आडनाव वाचलं, धामणेकर,
आणि मराठीत आला,
"चहा घेणार काय ताई?"
मी कानडीतच राहिले.
स्वल्प कडिमी माड्री.
"आगंगिल्ल," तो हसून म्हणाला.
मी कान लावला. ठक्क नाही,
लांबवर गेलेलंही काही नाही.

मग कागद काढला.
तीन घड्या उलगडल्या, चौथी तशीच ठेवली.
चौथीत तारीख होती,
परवा संपलेली.

"एमएच-नऊची पाटी लावून बेळगावात फिरणार?
वर्षाच्या आत इथला टॅक्स भरा म्हणतील बघा."
हे त्यानं पाठ केलेलं होतं, वाचून दाखवावं तसं आलं.
बोलता बोलता बोटानं चौथी घडी उचलली,
पाहिलं,
आणि होती तशी परत दाबली.
नखानं. नीट.

मी उठणारच होते.
त्यानं खण ओढला.
आतून निघाला तोच लेटरहेड, तेच शिरोलीचं शोरूम,
वर त्याचं नाव, खाली पगाराचा आकडा.
"चार हजार जास्त देतो म्हणालेत मला.
पंधरा दिवस झाले."
मग?
"मग साहेबांना दाखवलो की."
काय म्हणाले?
"होग्री म्हणाले."

आमच्याकडं नुसतं जा कुणी म्हणत नाही.
मराठीत येतो म्हणायचं, कानडीत होगी बर्री,
जाऊन या.
दारातल्या भिकाऱ्यालासुद्धा
मुंदक होग्री म्हणतात, पुढं जा,
एक शब्द तरी जोडतात.
साहेबांनी बर्री गिळलं होतं.

गेला का नाहीस मग?
ईरण्णा खणाकडं बघत राहिला.
"तिकडं गिऱ्हाईक मराठीत भांडतंय ताई.
मला मराठीत विनवणी तेवढी येते,
रेटून बोलाय येत नाही."

हे मला कुणीतरी उलटं करून सांगितल्यासारखं वाटलं.

मग माझा कागद घेऊन तो केबिनमध्ये गेला,
चौथी घडी अंगठ्याखाली धरून.
काचेतून साहेबांचं तोंड हलताना दिसतं.
होग्री की होगी बर्री,
ओठांवरून मोजू पाहते,
पण मिशा आडव्या येतात.

मी गाडीपाशी जाते.
कुणी बघत नाही असं पाहून
दारावर बोटाची टिचकी मारते.
पत्रा.
पत्र्याचं काही सांगता येत नाही,
तो चांगला असला तरी पोकळच वाजतो.

केबिनचं दार उघडतं.
ईरण्णाच्या दोन्ही हातांत चहाचे कप.
कागद आतच राहिलेला.