मनगटातला पारा

अकरा वर्षांनी पुन्हा टाचलं छातीवर
उलटं लोंबणारं घड्याळ.
सेल नवा घातला कॅसलबारच्या दुकानात.
दुकानदार म्हणाला, काटे ठीक आहेत, फिडेल्मा,
बरेच दिवस कुणी विचारलं नव्हतं त्यांना, एवढंच.

समोरच्याला हे घड्याळ उलटं दिसतं,
फक्त माझ्याकडून सरळ.
आज मलाही क्षणभर कळेना
किती वाजलेत.

आधी ओरन झाला, सातव्याच महिन्यात,
दोन ओंजळींत मावेल एवढा.
मग आईला रस्ते आठवेनासे झाले,
मग माझं नाव.
मग डोंगरउतारावरच्या ऐंशी मेंढ्या आणि पॉरिकची कंबर.
रजा नव्हती ती. रजेला निदान अर्ज असतो.

परतीच्या अर्जात मात्र एक रकाना होता:
खंड पडल्याचं कारण.
मी लिहिलं, घरगुती.
तीन वर्षं दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवलं,
पाठीला एक जखम होऊ दिली नाही,
त्याला रकाना नव्हता.

वर्गात टेबलावर रबरी हात,
शीर निळ्या शाईनं आखलेली.
सापडतेच ती. रबर विव्हळत नाही.
शिकवते मारिबेल. मला पदवी मिळाली तेव्हा
ती दूर इलोइलोत पाचवीत होती.
हे आता असं करत नाहीत, ती म्हणते,
दिवसातून नऊदा, आवाज न चढवता.
औषधांची नावं बदलली, झाकणांचे रंग बदलले,
खाटेच्या पायथ्याचा तक्ता गेला,
त्याजागी पडदा परवलीचा शब्द मागतो.
मी तीनदा चुकते
आणि तो मला वॉर्डाबाहेर उभं करतो.

एके काळी हात बसला होता माझा.
मग लोक म्हणाले, बसूनच राहिला.

आणि मग ते थर्मामीटर.
मारिबेलनं हातात दिलं,
तर माझ्या मनगटानं, मला न विचारता,
हवेत दोन सपाटून झटके दिले,
पारा उतरवायला.
आत पारा नव्हता, बॅटरी होती.
सगळे हसले. मीही.
पारा तर मी नोकरी सोडण्याआधीच गेला होता वॉर्डातून;
घाबरलेलं मनगट त्याच्याही मागे पळालं होतं,
थेट एकोणिसाव्या वर्षापाशी.
मग संडासात जाऊन नळ मोठा सोडला
आणि कोपरापर्यंत हात धूत राहिले
गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

पहिला खरा दंड मिस्टर रुएन यांचा.
उभा जन्म दलदलीतला पीट कापण्यात गेलेला.
सुई टेकवली आणि शीर सटकली.
कातडीखाली जांभळं तळं पसरलं.
माफ करा, म्हणाले मी.
ते म्हणाले, दुसरा आहे की. आणि मला कुठं जायचंय?
मग जरा थांबून:
घरी मेंढ्या आहेत वाटतं?
कसं ओळखलंत?
नाही, वाटलं, आता गुडघ्यांत दाबून धरतेस की काय मला.

हसू फुटलं, आणि हसता हसता
खांदे खाली आले, मागोमाग हातही.
बोटाच्या पेराखाली ती लागली,
शेवाळाखाली पाणी लागतं तशी,
दिसत नाही, पण दाबलं की परत वर येते.
रक्त आलं नळीत, गडद, मुकाट.
मारिबेल पाठीमागे उभी होती.
काही बोलली नाही.
दहाव्यांदा बोलायचं राहून गेलं तिचं.

अजून पाच आठवडे आहेत.
अजून पंप किंचाळला की पोटात गोळा येतो,
आणि आकडेमोड मी दोनदा करते, मग चोरून तिसऱ्यांदा.

संध्याकाळी पडद्यानं नवा परवलीचा शब्द मागितला.
आठ अक्षरं तरी हवीत, आणि एखादा आकडा.
मी आईचं नाव घातलं, असम्प्टा,
त्यांच्या लिपीत नेमकी आठ भरतात,
आणि पुढे दोन.
दर दोन तासांनी, म्हणून.

यंत्रानं घटकाभर विचार केला
आणि हिरव्या अक्षरांत लिहिलं:
मजबूत.