फरक

मिल बंद पडून तीस वर्षं उलटली,
तेव्हा कुठे कोर्टाच्या हुकुमाने यादी लागली
परदेशीपुऱ्यातल्या शाळेच्या भिंतीवर:
अनुक्रमांक, नाव, खातं, रक्कम.

श्रावण डोमाजी इंगळे, रिंग खातं.
त्यांच्या वरच्याच ओळीत विणाईतले कुणी उपासनी.
तेवढीच वर्षं, तेवढ्याच रात्रपाळ्या,
रक्कम जवळजवळ दीडपट.

मी बँकेत असते. वजाबाकीची सवय हाताला.
उरलं ते पावतीच्या पाठीवर लिहिलं
आणि बराच वेळ त्याला नाव सुचेना.

भाऊ सांगत नसत. आईनं सांगितलं, तेही भांडणात:
मागावर धागा तुटला की
ओठांनी ओला करून गाठ मारावी लागते.
आपल्या ओठांचा धागा
उद्या कुणाच्या पूजेच्या धोतरात निघाला तर?
म्हणून रिंग खातं.
कापसाचा भुगा छातीत जायला
कुणाची हरकत नव्हती.

एकदा सात जण घुसले म्हणे विणाईत, न विचारता.
भाऊंनी तुटका धागा तोंडात धरला,
गाठ मारली, माग चालवला
सव्वा तास.
मग जॉबरनं तेवढं कापड कात्रीनं कापून
बाहेर नाल्यात टाकलं.
अर्ज घेऊन भाऊ युनियनच्या ऑफिसात गेले.
तिथे माठाजवळ दोन पेले होते,
एक जरा लांब.
अर्ज तसाच परत आला. पत्र्याच्या पेटीत आहे अजून:
"महोदय, आमची थुंकी तपासून घ्यावी."

पुढे दार उघडलं. तोवर आत जागा भरल्या होत्या.

घरी सुईत दोरा ओवताना
भाऊ बोट पाण्यात बुडवत, दोरा तोंडात कधीच धरत नसत.
मला वाटे, टापटीप आहे माणसाची.

काल पैसे काढायला त्यांना घेऊन गेले.
खात्यात जमा होते, पण म्हणाले, डोळ्यांनी बघायचेत.
कॅशियरनं अंगठा जिभेला लावला,
सरसर मोजून गड्डी सरकवली. "गिन लो, बाबूजी."

भाऊ नोटांकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले.
मग स्वतःचा अंगठा जिभेवर टेकवला, नीट, सावकाश,
आणि मोजायला लागले.

मागे रांग वाढली. कुणी म्हणालं, "भिया, जरा जल्दी."
भाऊ थांबले.
अंगठा पुन्हा ओला केला
आणि पहिल्या नोटेपासून
परत सुरू केलं.