आस

निवतीच्या वाळूत लाडोबामामा
पाय पसरून रापण शिवत बसलेला.
त्याची आधी रात्र गेली, मग कडा,
मग समोर उरलेलं नारळाएवढं उजेडाचं भोक,
तेही अकरा वर्षांमागं, ऐन चतुर्थीत.

मी काही विचारायच्या आत तोच:
"पर्मनंट झालंस काय गो?"

नाही मामा. छत्तिसावं लागलं.
तिसरी प्रयोगशाळा, दुसरा देश,
करार मार्चअखेरपर्यंत.
नावाआधी डॉक्टर
आणि नावापुढे कायम एक तारीख.

"करतंस काय ता तरी सांग."

नखावरच्या चंद्राएवढी पट्टी, मामा,
तिच्यावर साठ ठिपके.
डोळ्याच्या मागच्या पडद्याला चिकटवायची,
मुंगी चावेल त्याहून कमी वीज सोडायची
आणि आत अजून जाग्या असलेल्या नसांना
खोटंच सांगायचं: उजेड आला.
माझ्याकडे त्यातलं एवढंसंच.
पट्टी कोमट खाऱ्या पाण्यात बुडवून
लेप कधी सुटतो ते वहीत लिहायचं.

तो हसतो. "खाऱ्या पाण्यात टिकता काय?
माझ्या होडयेचे खिळे बघ."

मग जरा वेळानं,
"त्या माणसाक दिसतला काय?"

दाराची चौकट. ताटाची कड.
समोरून कुणी गेलं, तर कुणीतरी गेलं.
चेहरा नाही.

त्याचा अंगठा जाळ्याच्या एका डोळ्यात शिरतो,
माप घेतो.
"म्हणजे मोठ्या आसाचा जाळा.
सुरमय गावतली,
तारली जातली निसटान."

तीन वर्षं हे वाक्य मी शोधत होते
अर्जाच्या पहिल्या परिच्छेदासाठी.

सुई थांबते.
"आणि तू गेल्यावर फाटला तर शिवतलो कोण?"

चाचणीतले एक गृहस्थ आठवतात,
नऊ वर्षांनी टेबलाचा काठ दिसला त्यांना.
हात फिरवत म्हणाले,
पुढच्या वेळी तुम्हीच याल ना?
मी वहीत लिहिलं होतं: कड ओळखली.
वेळ, तारीख, सही.

मामाला उत्तर देत नाही.
त्याच्या शेजारी बसते, दुसरी सुई घेते,
एक गाठ मारते.
तो बोटांनी ती शोधतो,
दोनदा चाचपतो,
सोडवतो.

"परत," म्हणतो.