माईकची उंची

स्टँडचा स्क्रू सैल आहे, हे मी जूनपासून सांगतेय.
स्टोअरवाले म्हणतात, अर्ज द्या.

आज प्रेरणादिन. तिसऱ्या मजल्यावरचं सभागृह,
पाण्याच्या बाटल्या मोजून अकरा.
कर्णिकबाई पहिल्या बोलल्या.
उंच बाई, आवाज खणखणीत:
पंख, आकाश, भरारी,
आणि मध्येच थांबून, चष्मा पुसत,
"माझा प्रबंध नऊ वर्षं माळ्यावर होता.
कुकरच्या खोक्यात."
हे कागदावर नव्हतं.
कागदाची झेरॉक्स मीच काढून आणली होती.

मग मानखुर्दची शमशाद मुजावर, तिसरं वर्ष.
माईक तिच्या कपाळाच्याही वर.
मी धावले, खाली केला,
तो आणखी खाली घसरला.
शेवटी धरूनच उभी राहिले तिच्या शेजारी,
मुठीत थंडगार नळी.

ती म्हणाली, सांख्यिकीत दोनदा नापास झाले.
तिसऱ्यांदा एक्केचाळीस.
टाळ्या नाहीत. संपलं की काय, कुणाला कळेना.
"एक्केचाळीस," ती परत म्हणाली,
घराचा नंबर सांगावा तशी.
नळी थरथरली.
ती की मी, माहीत नाही.
मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली
आणि शिस्तीच्या कर्णिकबाई
चक्क मागे वळून हसल्या.

पाच वाजता खुर्च्या रचल्या.
चार बाटल्या सीलबंद, त्या कपाटात.
लिफ्टवाल्या गोवेकरांची पक्कड मागून आणली,
स्क्रू आवळला, होता तिथेच,
तिच्या उंचीवर. माझीही जवळपास तीच.

उद्या कुलसचिवांचं भाषण आहे.
वाकतील थोडे.