जिथे मोगरा, तिथे घोळका

लखमीचंदच्या दुकानावर तो पत्रा ठोकला
त्या साली मी तिसरीत होतो.
पत्र्यावर एक बाई. अंबाडा, टिकली, फुग्याच्या बाह्या
आणि तोंडभर दात,
सीतादहीच्या कापसासारखे.
मागं पाच माणसं, त्यातले दोघं टायवाले,
सगळे तिच्याकडंच बघत.
खाली लफ्फेदार अक्षरांत: जिथे मोगरा, तिथे घोळका.
मोगरा म्हणजे दंतमंजन. डबी चार आण्याला.

त्याआधी आमच्या गावाला दात नव्हते.
म्हणजे होते, ऊस सोलायला, सुतळी तोडायला,
पण त्यांना रंग नव्हता.
खालच्या विहिरीचं पाणी प्यालेल्या सगळ्यांचेच तपकिरी,
मधे खडूच्या रेघा.
सगळ्यांचे, म्हणून कोणाचेच नाहीत.

पंचफुला आत्या नाल्यावर हसली
की टेकडीवरून गुराखी ओरडून विचारत,
काय झालं वं?
एका बाजाराच्या दिवशी ती पत्र्यासमोर थांबली,
पदरात पावशेर गूळ,
आणि मी तिला पहिल्यांदा
ओठ मिटताना बघितलं.

मग तीन डब्या झाल्या. मग राख, कोळसा न् मीठ,
शेवटी विटेचा चुरा.
हिरड्या सोलल्या. डाग जागचा हलला नाही.
तो दातावर नव्हताच,
दातात होता.

वणीहून पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला.
त्यांच्यातली एक म्हणाली, जरा हासून दाखव बाई.
आत्या जमिनीकडं बघत राहिली.
बैलगाडीत चढताना कोणीतरी बोललं,
पोट्टी मुकी हाय काय?

खूप वर्षांनी जीप आली. बाटल्यांत पाणी भरून नेलं,
पंपाला लाल रंग फासून गेले.
पिऊ नका, म्हणाले.
दुसरं कुठलं, ते सांगितलं नाही.

लखमीचंदचं दुकान मोडलं तेव्हा
आत्यानं पत्रा मागून आणला,
खुराड्यावर टाकला, बाई आतल्या बाजूला.
आता संध्याकाळी बारा कोंबड्या
तिच्याखाली दाटीवाटीनं बसतात.
घोळकाच म्हणायचा.

परवा अंडी काढायला तिनं पत्रा उचलून धरला.
गंज चढत चढत बाईच्या तोंडात गेलेला,
सगळे दात तपकिरी, मधे पांढऱ्या रेघा.
आत्या वाकून बघत राहिली.
पाय बरं, म्हणाली, आता कशी आपल्या गावची दिसते,
आणि अशी हसली
की एक अंडं हातातून सुटलं.