शिर्के साउंड, दांडिया बाजार

वर्षातल्या नऊ रात्री आमचे खोके कमावतात,
बाकीचे दिवस ताडपत्रीखाली
उंदरांना भाड्याने.
अठरा इंची स्पीकर, साध्या प्लायच्या पेट्या,
कडेला बाबांनी ब्रशने रंगवलेलं नाव.

निशीथ दिघे मार्चमध्ये आला,
फाइन आर्ट्सचा, शिल्पकलेत नापास होत आलेला.
म्हणाला, फक्त खालचा आवाज हवाय.
गाणार कोण? मी विचारलं.
कुणीच नाही.

मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरची बंद शेड,
फरशीवर तेलाचे नकाशे.
तारा जोडता जोडता तो सांगत होता:
पन्नासेक वर्षांमागे शिकागोत
ज्या काळ्या पोरांना बाकीच्या दारांवर अडवत
त्यांनी एका गोदामाचं दार आतून लावून घेतलं.
मग डेट्रॉइट, जिथे मोटारींचे कारखाने थंडावले
आणि पोरांनी यंत्रांना पुन्हा पाळीवर घेतलं.
एक खोका होता म्हणे, बेस गिटारची नक्कल करायला काढलेला.
नक्कल साधेना, भंगाराच्या भावात गेला,
आणि भंगारातच त्याला स्वतःचा कंठ फुटला.

मी सोल्डरचा धूर फुंकत ऐकलं.
आमच्या धंद्यात हे नवीन नाही.

गरब्यात मध्ये दिवा असतो
आणि प्रत्येक टाळीला हिशेब,
कोण कुणाबरोबर आलंय.
इथे मध्ये काहीच नव्हतं.
कॉम्प्रेसर कंपनीतला दुसऱ्या पाळीचा माणूस
गणवेशातच, डोळे मिटून.
दोन मुलगे, ज्यांना मी ऑक्टोबरात
वेगवेगळ्या रिंगणांत पाहिलेलं,
एकाच फरशीवर.
आणि मी, कोर्टाच्या तारखांतून उठून आलेली,
वायरींच्या भेंडोळ्यावर बसून
माझे पाय कुठे गेले ते शोधत.

अडीचला पोलीस.
ग्लास हुंगले. लिंबू.
पुन्हा हुंगले. जिरं.
हवालदार राठवा टेबलाखाली वाकून बघून आला,
जरासा नाराजच.
गायक कुठाय?
नाही.
पूजा? वाढदिवस? कंपनीचं काही?
नाही.
तो पछी प्रोग्राम कोनो?

दीडशे माणसं एकमेकांकडे बघत राहिली.
खरंच कुणाला माहीत नव्हतं.

आता तिथे टाइल्स ठेवतात.
निशीथ कॅनडात ट्रक चालवतो,
दिवाळीला मेसेज टाकतो, त्यातही शब्द नसतात.

पण आठव्या रात्री, मैदानात हजारो पावलं,
गायिका तारसप्तकात, आयोजक पहिल्या रांगेत,
मी मिक्सरवरची एक खुंटी, सगळ्यात खालची,
नखभर फिरवते.
स्टेजवर कुणाला कळत नाही.
फक्त अगदी बाहेरच्या रिंगणात,
जिथे पास नसलेली पोरं कुंपणावरून उडी टाकून येतात,
एकाची टाळी चुकते
आणि तो ती चुकू देतो.